लहरीनं रस्ताच ताणला, तर प्रकाश मोजणार काय?

वसमतच्या बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं मला विचारलं: "सर, औंढ्याजवळ लायगो हे गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र होतंय. गुरुत्वीय लहर आली की अवकाश ताणलं जातं, हे समजलं. पण मग त्या अवकाशातल्या प्रकाशाची तरंगलांबीही तेवढीच ताणली जाणार ना? मोजणीची साखळीच ताणली गेली, तर शेत वाढलेलं कळणार कसं? आणि दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना अशा कितीतरी लहरींतून येत असेल, त्याचं काय होतं?"

आधी थेट उत्तर देतो. तुझी शंका अर्धी खरी आहे. लहर येते त्या क्षणी जो प्रकाश यंत्राच्या भुजेत, म्हणजे प्रकाश जा-ये करतो त्या लांब नळीत, असतो, त्याची तरंगलांबी भुजेबरोबर खरंच ताणली जाते. पण लायगो तरंगलांबीची साखळी टाकून भुजा मोजत बसत नाही. ते वेळ पाहतं: प्रकाशाचा एकेक माथा परत यायला किती उशीर झाला, एवढंच. शिवाय ताणलेला प्रकाश भुजेत फार काळ राहत नाही. तो बाहेर पडतो आणि त्याच्या जागी लेसरमधून ताजा, न ताणलेला प्रकाश येत राहतो. साखळी ताणली गेली खरी, पण दर क्षणाला डेपोतून नवी साखळी सुटते आहे.

डेपो म्हटलं ते मुद्दाम. हा हिशेब एसटीवर मांडला की चटकन बसतो. समजा, परभणीहून हिंगोलीला दर १० मिनिटांनी गाडी सुटते. सगळ्या गाड्यांचा वेग अगदी एकच. रस्ता बरोबर दोन तासांचा, म्हणजे कुठल्याही वेळी वाटेत १२ गाड्या. आता एका झटक्यात अख्खा रस्ता शेकडा ५ नं ताणला गेला. वाटेतल्या गाड्यांमधलं अंतरही तेवढंच वाढलं. ही तुझी ताणलेली तरंगलांबी. हिंगोलीच्या स्टँडवर घड्याळ लावून उभ्या असलेल्या माणसाला काय दिसेल?

जी गाडी स्टँडच्या दारातच होती, तिला उशीर नाही. जी अर्ध्या वाटेत होती, तिचा उरलेला तासाभराचा रस्ताच लांबला. तिला ३ मिनिटं उशीर. जिनं नुकतंच परभणी सोडलं, तिचा सगळाच रस्ता लांबला. तिला ६ मिनिटं. म्हणजे दोन तास सहा मिनिटं गाड्या दहाऐवजी साडेदहा मिनिटांच्या अंतरानं येत राहतील. त्यानंतर येतील त्या गाड्या रस्ता ताणल्यावर सुटलेल्या. त्या परभणीहून दहा मिनिटांनीच सुटल्या, कारण डेपोचं घड्याळ ताणलेलं नाही. त्यांच्यातलं अंतर पुन्हा दहाच मिनिटांचं. पण प्रत्येक गाडी सहा मिनिटं उशिरा, आणि रस्ता ताणलेला असेपर्यंत हा उशीर हटत नाही.

या एका चित्रात दोन वेगळे परिणाम आहेत आणि गोंधळ होतो तो ते एकत्र केल्यामुळे. साडेदहा मिनिटांचा काळ म्हणजे प्रकाशाची वारंवारता थोडी उतरणं, त्याचं तांबड्याकडे सरकणं. ते रस्ता ताणला जात असतानाच्या गाड्यांपुरतं असतं. सहा मिनिटांचा उशीर म्हणजे कलेतला फरक, ज्याला आपण प्रयोगशाळेत फेज म्हणतो. तो साचतो आणि टिकतो. लायगो मोजतं ते हे दुसरं.

माझी तीस वर्षं मायकेल्सन इंटरफेरोमीटरच्या टेबलाशी गेली. परभणीतलं कॉलेज, एप्रिलचा उकाडा, हवा हलू नये म्हणून पंखे बंद, खिडकीच्या काचांना काळा कागद. हीलियम-निऑन लेसरचा लाल किरण अर्धपारदर्शक काचेवर पडतो, तिथं त्याचे दोन होतात, दोन आरशांवरून माघारी येऊन एकत्र मिसळतात आणि समोरच्या भिंतीवर लाल-काळी वर्तुळं उमटतात. मायक्रोमीटरचा स्क्रू जरासा फिरवला की वर्तुळं मधोमध गडप होऊ लागतात. मुलं मोजतात. तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, म्हणून एक वर्तुळ गेलं की आरसा ३१६ नॅनोमीटर सरकला, असं सगळी मुलं वहीत लिहितात.

मग मी त्यांना स्क्रूवरचा हात काढायला लावायचो आणि सांगायचो, नुसता तळहात एका किरणाखाली धरा, किरणाला लावू नका. दहा-पंधरा सेकंदांत वर्तुळं वाकडी होतात आणि सरकायला लागतात. हाताच्या उबेनं वरची हवा विरळ झाली, त्यातून प्रकाश किंचित लवकर पार झाला. आरसा जागचा हललेला नाही. अंतर तेच आहे. तरी वर्तुळं सरकली. म्हणजे ती वर्तुळं लांबीची खूण नव्हतीच. कुठल्या वाटेनं प्रकाशाचा माथा आधी आला आणि किती आधी, याची ती खूण आहे. आरसा सरकवला तरी वेळ बदलतो, हवा तापवली तरी वेळ बदलतो, आणि गुरुत्वीय लहर गेली तरी वेळच बदलतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तुझ्या साखळीच्या शंकेतली अडचण सुटते. प्रकाश साखळी नव्हे, ठरलेल्या चालीनं चालणारा वाटसरू आहे, आणि आपण त्याच्या पोचण्याची वेळ टिपतो.

तळहाताच्या प्रयोगात आणि लहरीत एक फरक मात्र पक्का लक्षात ठेव. हवेत प्रकाशाचा वेग खरोखर कमी-जास्त होतो. गुरुत्वीय लहर प्रकाशाला मंद करत नाही. निर्वातात, लहरीच्या ऐन मध्यावरही, जागेवर मोजलेला वेग तोच. वाट लांबते, चाल बदलत नाही.

लायगोमध्ये अशा दोन वाटा आहेत, एकमेकींशी काटकोनात, प्रत्येकी ४ किलोमीटरची. समजा, लहर डोक्यावरून सरळ खाली आली. ती एक वाट ताणते तेव्हा दुसरी आक्रसते, आणि अर्ध्या आवर्तनानंतर उलट. एकाच वेळी दोन्ही रस्त्यांना सुटलेल्या गाड्या परत स्टँडवर येताना एक उशिरा, एक लवकर. वेगळ्या घड्याळाची गरजच नाही. एकीचं घड्याळ दुसरी.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय या गोष्टीची नजाकत कळत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन या दोन्ही यंत्रांनी पहिली लहर पकडली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर एकमेकांत विलीन झाली होती. सूर्याच्या तिप्पट वस्तुमानाएवढी ऊर्जा लहरींत गेली, आणि इथं पोचेपर्यंत ताण, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत लांबीतला बदल, उरला तो १० चा उणे २१ वा घात. ४ किलोमीटरला तो लावला तर ४ गुणिले १० चा उणे १८ वा घात मीटर, प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाच्या आसपास. लायगोचा लेसर १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे ४ किलोमीटरच्या वाटेत एका वेळी सुमारे ३७६ कोटी तरंग मावतात. एका जाण्या-येण्यात दोन भुजांमध्ये पडणारा फरक हा एका तरंगाच्या तेरा हजार कोटीव्या भागाइतका. माझ्या टेबलावरची मुलं पाव वर्तुळ ओळखायची तेव्हा मला समाधान वाटायचं. तिथं हा फरक ओळखायला प्रकाश भुजेत शेकडो वेळा मागे-पुढे फिरवतात आणि भुजांमध्ये शंभर किलोवॅट नि त्याहून जास्त प्रकाश खेळता ठेवतात, कारण जितके फोटॉन जास्त, तितकी सरासरी पक्की.

इथंच तुझी शंका पुन्हा दार ठोठावते, आणि या वेळी ती पूर्ण खरी आहे. ४ किलोमीटर जाऊन यायला प्रकाशाला सुमारे २७ मायक्रोसेकंद लागतात. कृष्णविवरांची ती लहर सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत आवर्तनं करत होती, म्हणजे तिचं एक आवर्तन ४ ते २९ मिलिसेकंदांचं. प्रकाशाच्या एका फेरीपुरता रस्ता जवळजवळ स्थिरच. गाडी दोन तासांची आणि रस्त्याचं ताणणं-आक्रसणं आठवडाभराचं, असं समज. म्हणून हिशेब जमतो.

पण समजा लहर इतकी वेगवान असती की प्रकाश जाऊन येईपर्यंत तिचं एक पूर्ण आवर्तन होऊन जावं. सेकंदाला सुमारे ३७,५०० आवर्तनं. मग जाताना रस्ता ताणला, येताना तेवढाच आक्रसला, आणि गाडी ठरल्या वेळेला हजर. डोक्यावरून सरळ येणारी अशी लहर या यंत्राला दिसणारच नाही. प्रकाश शेकडो फेऱ्या मारतो तेव्हा ही मर्यादा आणखी लवकर आडवी येते: त्याला लहरीच्या आवर्तनाएवढा वेळ कोंडून ठेवलं, तर आधी साचलेला उशीर पुढच्या अर्ध्या आवर्तनात फिटायला लागतो. म्हणून शेकडो फेऱ्या, हजारो नाहीत. आरसे कितीही चांगले मिळाले तरी ते किती परावर्तक ठेवायचे, याचा निर्णय तुझ्या प्रश्नाशीच येऊन थांबतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या लिसा या आगामी मोहिमेत तीन यानांमधलं अंतर २५ लाख किलोमीटर असेल. तिथं प्रकाशाची एक बाजूच आठ सेकंदांहून जास्त, म्हणून ती मिनिटामिनिटांच्या, तासातासांच्या संथ लहरी ऐकणार.

"आरसे हलतात की अवकाश ताणलं जातं?" असंही मुलं विचारतात, आणि पुस्तकात कुठं एक लिहिलेलं असतं, कुठं दुसरं. दोन्ही बरोबर. मोकळ्या टांगलेल्या आरशांनाच निर्देशांकांच्या, म्हणजे जागा सांगणाऱ्या आकड्यांच्या, खुंट्या मानलं, तर आरसे जागच्या जागी आणि मधली वाट ताणलेली. प्रयोगशाळेतली ताठ फूटपट्टी प्रमाण मानली, तर आरसे ढकलले गेले. प्रकाश उशिरा आला, हे दोन्हीकडून तितकंच निघतं. भिंतीवरच्या वर्तुळाला आपले निर्देशांक माहीत नसतात. लोखंडी फूटपट्टी मात्र लहरीबरोबर तशी ताणली जात नाही, कारण तिचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. आरसे मोकळे टांगतात ते यासाठीच. ४० किलोचा काचेचा आरसा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक काचतंतूंवर, एकाखाली एक अशा चार लोलकांच्या तळाशी.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. मला तो पहिल्याहून जास्त आवडतो.

दूरच्या ताऱ्याचा प्रकाश हजारो, लाखो वर्षं चालत येतो. वाटेत त्याला लहरींचे माथे आणि खळगे अगणित भेटतात. साधारण समजूत अशी की थोडा धक्का इथं, थोडा तिथं, असं साचत साचत प्रकाश भरकटत जात असेल. गणित करून पाहिलं की निराळंच निघतं. वाटेतले ताणणं आणि आक्रसणं एकमेकांना फेडत जातात आणि शेवटी उरतात फक्त दोन टोकं: प्रकाश निघाला तेव्हा ताऱ्यापाशी लहर कशी होती, आणि पोचला तेव्हा पृथ्वीपाशी कशी होती. वारंवारतेतला बदल ठरतो तो या दोन टोकांच्या फरकावरून. तारा दुप्पट दूर नेला म्हणून तो बदल दुप्पट होत नाही. प्रकाशाची दिशाही लहरीमुळे किंचित वळते, पण तेही ताणाच्या मापाइतकंच, अंतरानुसार साचत नाही. तारे लुकलुकतात त्याचं कारण आपल्या डोक्यावरची हवा.

दिशेचंही महत्त्व आहे. गुरुत्वीय लहर आडवी असते. ती ज्या दिशेनं जाते, त्या दिशेला काही ताणत नाही. प्रकाश लहरीच्या जोडीनं, त्याच दिशेनं धावत असेल, तर त्याला ती जाणवतच नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर आली आणि तिच्या मागोमाग १.७ सेकंदांनी गॅमा किरणांची चमक आली. दोघी सुमारे १३ कोटी वर्षं एकाच वाटेनं चालत आल्या होत्या. इतक्या प्रवासात दोन सेकंदांहून कमी अंतर, तेही बहुधा सुरुवातीलाच पडलेलं. प्रकाश आणि गुरुत्वीय लहर एकाच वेगानं जातात, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

दोन टोकांच्या या हिशेबावर एक वेगळंच निरीक्षण उभं आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. पल्सार म्हणजे वेगानं फिरणारे न्यूट्रॉन तारे. त्यांचे रेडिओ ठोके अतिशय नेमानं येतात. रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशच. मोठमोठ्या आकाशगंगांच्या केंद्रातली प्रचंड कृष्णविवरं जोडीनं फिरतात, तेव्हा निघणाऱ्या लहरींचं एक आवर्तन वर्षानुवर्षांचं असतं. त्यांतून येणारे ठोके कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा पोचतात. फरक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास, आणि तो दिसायला दहा-पंधरा वर्षं धीर धरावा लागतो. एकट्या पल्सारवर विश्वास ठेवता येत नाही, तो स्वतःच थोडा अडखळू शकतो. पण पृथ्वीकडचं टोक सगळ्यांना सामायिक आहे. म्हणून आकाशातल्या दोन-दोन पल्सारच्या जोड्या लावतात आणि त्यांच्यातल्या कोनानुसार उशीर कसा जुळतो ते पाहतात. तो कसा जुळायला हवा, हे हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये काढून ठेवलं होतं. जून २०२३ मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी तशा जुळणीच्या खुणा दिसत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकी गटानं ६७ पल्सार १५ वर्षांच्या नोंदींतून तपासले होते. युरोपीय गटाबरोबर भारतीय गटाच्या नोंदी होत्या, आणि त्या घेतल्या होत्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीनं, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांनी.

आता आपल्या दाराशी येऊ. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. भुजा तशाच ४ किलोमीटरच्या. किल्लारीचा १९९३ चा भूकंप पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला, आणि हिंगोली-वसमत-कळमनुरीकडचे धक्के नि जमिनीतले आवाज ऐकणाऱ्या तुझ्यासारखीला, एक काळजी साहजिक आहे: इथली जमीन हलली तर यंत्र त्यालाच लहर समजणार नाही का?

मोठा धक्का बसला तर यंत्र तेवढा वेळ बंद पडेल, आरसे पुन्हा जुळवावे लागतील. अमेरिकेतही दूरच्या भूकंपांनी हे घडतं. पण फसगत होणं अवघड, आणि त्याचं कारण पुन्हा वेळच. पृथ्वीच्या आरपार जायला प्रकाशाच्या वेगानं ४३ मिलिसेकंदही लागत नाहीत. खरी गुरुत्वीय लहर जगातल्या सगळ्या यंत्रांत एवढ्या अवधीच्या आत उमटलीच पाहिजे. २०१५ ची लहर लिव्हिंगस्टननंतर ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला दिसली होती. भूकंपाची सर्वांत वेगवान लहरही पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला वीस मिनिटांच्या आसपास घेते. औंढ्याला हिसका बसला आणि त्याच क्षणी अमेरिकेत, इटलीत काहीच नाही, तर तो हिसका जमिनीचा. आणि सगळीकडे उमटला, तर कुठं किती मिलिसेकंद आधी, यावरून लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली ते काढता येतं. एवढ्यासाठीच हे यंत्र अमेरिकेपासून इतकं लांब, आपल्याकडे हवं आहे.

नळ्यांमधली हवा काढून टाकतात त्याचं कारण तू आता स्वतः सांगशील. माझ्या टेबलावर तळहातानं जे केलं, ते ४ किलोमीटरच्या वाटेत हवेच्या एका झुळकीनं कितीतरी पटींनी केलं असतं.

मी अजूनही शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत असतो. येताना एसटीचं एवढं गणित वहीत मांडून आण: रस्ता पहिला तासभर शेकडा ५ नं ताणलेला आणि पुढचा तासभर तेवढाच आक्रसलेला, तर सुरुवातीला सुटलेली गाडी, अर्ध्या तासानं सुटलेली गाडी आणि तासानं सुटलेली गाडी, कुणाला किती उशीर? लेसर तापून स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात आपण ते तपासू आणि मग तळहात धरून बघू.